मालकाची जागा शेवटच्या रांगेत

माझ्या मुलाने गाडी घेतली तेव्हा पार्किंगची उंची सोडून सगळं मोजलं होतं. लिटरला किती जाते, सर्व्हिसिंग किती महिन्यांनी, छपरातली काच किती उघडते, सगळं त्याला तोंडपाठ. लालबागला आमच्या चाळीच्या जागी आता टॉवर आहे आणि त्याच्या तळाला गाड्या एकावर एक चढवून ठेवायची लोखंडी मांडणी आहे. ताटं ठेवायच्या मांडणीसारखीच, फक्त बटणावर चालते. दसऱ्याला नवी गाडी हार घालून आली. वॉचमनने तिच्याकडे खालून वर बघितलं आणि म्हणाला, साहेब, ही आत बसणार नाही, टप लागेल.

मी आठवडाभर आधी सांगितलं होतं की एकदा टेप लावून बघ. कपाट घेताना आपण दार मोजतो. तेव्हा तो हसला होता. कपाटात आणि गाडीत फरक असतो, म्हणाला. फरक एवढाच निघाला की कपाट परत देता येतं.

तेव्हापासून गाडी उघड्यावर, पाण्याच्या टाकीशेजारी उभी असते. पांढरीशुभ्र घेतली होती. कावळ्यांनी तिला पहिल्याच आठवड्यात आपलं मानलं.

आम्ही घरात माणसं चार. मी, मुलगा, सून आणि चोवीस वर्षांची नात. सुनेची आई, म्हणजे आमच्या विहीणबाई, दादरला एकट्या राहतात. त्यांना धरून पाच. पाच माणसांना तीन रांगांची गाडी कशाला, असं मी विचारलं. कधी पाहुणे आले तर, मुलगा म्हणाला. आमच्याकडे पाहुणे येतात ते मासे खायला. जेवून झोपतात आणि चहा पिऊन जातात. त्यांना गाडीत घालून कुठे न्यायचं, ते मला अजून कळलेलं नाही.

मधल्या रांगेत दोन सुट्या खुर्च्या आहेत, केशकर्तनालयात असतात तशा, हाताला टेकू असलेल्या. त्यामुळे पाचव्या माणसाला मागेच जावं लागतं. पहिल्याच दिवशी कोण मागे जाणार हा प्रश्न आला. विहीणबाई पाहुण्या, शिवाय कंबरेचं दुखणं, म्हणून त्या पुढे, मुलाच्या शेजारी. नात बापापेक्षा उंच. ती मागे बसून बघायला गेली तर तिचे गुडघे हनुवटीला लागले. सुनेला मागे बसलं की मळमळतं. मग सगळ्यांनी माझ्याकडे बघितलं. मी चार फूट नऊ इंच.

मुलगा म्हणाला, "आई, मागे तुझंच राज्य. तुझी खिडकी वेगळी, तुझा एसी वेगळा."

राज्य म्हणजे काय ते सांगते. दोन खुर्च्यांच्या मधून वाकून, एका हाताने साडी आणि एका हाताने खुर्चीची पाठ धरून आत शिरायचं. बसलं की पाय खाली सोडता येत नाहीत, कारण खाली जागाच नाही. पाटावर बसल्यासारखं बसायचं. बूड मागच्या चाकांच्या वर येतं, म्हणून गतिरोधक आला की पुढच्यांना नुसतं कळतं, मला लागतं. मुलगा गतिरोधकाला वेग कमी करणं कमीपणाचं समजतो. वेगळा एसी म्हणजे मुठीएवढी जाळी. तिच्यातून कढत चहावर फुंकर मारावी एवढा वारा येतो. मागची डिकी तर मी बसले की उरतच नाही. एक पिशवी आणि पाव किलो मिरच्या राहतील एवढी.

मिरच्यांवरून आठवलं. मे महिन्यात वर्षाचा मसाला करतात. लालबागेत राहून मसाला विकतचा आणला तर लोक तोंडात शेण घालतील. पूर्वी मी डोक्यावरून न्यायची. या वर्षी सून म्हणाली, गाडी आहे ना. माझी मागची सीट पाडली आणि विहीणबाईंचा, सुनेच्या ऑफिसातल्या तिघींचा आणि आमचा मिळून बारा किलो मसाला डंकावरून कुटून, गरमागरम, गाडीत घातला. वर मुलाने काचा बंद करून एसी लावला. पुलापर्यंत जाईतो मुलगा, सून आणि मी, तिघांनाही शिंकता शिंकता दिसेना. गाडी रस्त्याच्या कडेला उभी केली आणि सगळे बाहेर पडून उभे राहिले. मागच्या टॅक्सीवाल्याला वाटलं कोणीतरी गेलं. नंतर मुलाने गाडीत चंदनाच्या वासाची बाटली लावली. दोन महिने गाडीला चंदन लावलेल्या ठेच्याचा वास येत होता.

एवढं असूनही शेवटच्या रांगेचा एक फायदा आहे, तो मला लवकरच कळला. पुढचे लोक तुम्हाला विसरतात. आरशात उशीचं टोक दिसावं तेवढं माझं डोकं दिसतं. त्यामुळे कोणाच्या पगारात किती वाढ झाली, कोणत्या भावजयीला काय बोलायचं नाही, माझ्या मसाल्यात मीठ जास्त पडतं हे मला सांगायचं कोणी, सगळं मला बसल्या जागी ऐकू येतं. घरात वर्षभर कान लावून जेवढं कळलं नसतं तेवढं लालबाग ते दादर या अर्ध्या तासात कळतं.

एकदा तर फारच कळलं. पावसाळा संपत आला होता. आम्ही विहीणबाईंकडे दादरला गेलो होतो. सून आणि नात फाटकाबाहेर उतरून वर गेल्या. मला डुलकी लागली होती आणि मी आहे हे कोणाच्याच लक्षात आलं नाही. विहीणबाईंच्या इमारतीचं फाटक जुनं, दोन्ही बाजूंना गेरूच्या रंगाचे दगडी खांब. मुलगा एकटाच गाडी आत घेत होता. डावीकडून खर्रकन आवाज आला आणि मी जागी झाले. तो उतरला. दारावर वीतभर ओरखडा, वर गेरू लागलेला. त्याने रुमाल काढला, थुंकी लावली आणि गेरू पुसला. मग आत येऊन बसला आणि बायकोला फोन लावला. त्याचा फोन गाडीच्या भोंग्यातून बोलतो, त्यामुळे दोघांचंही मला स्पष्ट ऐकू आलं. तो म्हणाला की एक टेम्पोवाला घासून पळाला, नंबरही घेता आला नाही. सून म्हणाली, तुम्हाला काही लागलं नाही ना.

मी हललेसुद्धा नाही. तो वर गेला, जिन्यात त्याला माझी आठवण झाली आणि तो परत आला, तेव्हा मी डोळे मिटून घोरत होते. जमेल तेवढं खरं घोरले.

हे मी कोणाला सांगितलं नसतं. माणसाकडून खांबाला गाडी लागते. पण त्या ओरखड्याचा त्याने पुढे जो उपयोग केला तो मला आवडला नाही.

माझ्या नातीने दोन वर्षांपूर्वी लायसन्स काढलंय. मैत्रिणींच्या लहान गाड्या ती आरामात चालवते. घरची गाडी मात्र बापाने तिला एकदाही दिली नाही. गाडी मोठी आहे, अंदाज येत नाही, म्हणायचा. ओरखडा पडल्यावर त्याला आयतंच कारण मिळालं. बघ, माझ्यासारख्या वीस वर्षं चालवणाऱ्याला टेम्पो घासून जातो, तुझं काय होईल. एक दिवस जेवताना तो आणखी पुढे गेला. लग्न झालं की नवऱ्याची चालव, म्हणाला. नातीने पानातला भात तसाच ठेवला. मीही त्याला दुसऱ्यांदा आमटी वाढली नाही.

त्या रात्री नातीने मला खरी गोष्ट सांगितली. ती ज्या ऑफिसात आहे तिथे पाणी तपासतात. रायगडातल्या कारखान्यांत जाऊन पाण्याचे नमुने आणायचं काम मोकळं झालं होतं आणि तिला ते हवं होतं. दिवसभर काचेच्या खोलीत बाटल्या हलवून ती कंटाळली होती. पण नमुन्यांच्या पेट्या असतात म्हणून ऑफिसची गाडी मोठी आहे, अगदी आमच्यासारखीच, आणि ती स्वतः चालवावी लागते. साहेबाने विचारलं, मोठी गाडी येते का. ही म्हणाली, येते. दिवाळीनंतर तो तिला शेजारी बसून चालवायला लावणार होता.

"आजी, मी खोटं बोलले ग," ती म्हणाली.

मी म्हटलं, "खोटं बोललीस ते ठीक. आता ते खरं कर."

पण किल्ली कुठे होती. ही किल्ली म्हणजे साबणाच्या वडीसारखा काळा तुकडा, कुठे खुपसायची नाही, नुसती जवळ असली की गाडी ऐकते. एक मुलाच्या शर्टाच्या खिशात, दुसरी सुनेच्या दागिन्यांबरोबर बँकेच्या लॉकरमध्ये. मागून मिळणार नव्हती हे तर ठरलेलंच. मग मी माझ्या नेहमीच्या मार्गाने जायचं ठरवलं.

माझा नेहमीचा मार्ग असा. मला घरात काही हवं असलं आणि सरळ मिळत नसलं की मी म्हणते, आमच्यात अशी रीत आहे. नवी सून होते तेव्हा म्हणायची, माझ्या माहेरची रीत आहे. माहेर कोकणात, विचारायला कोण जातंय. सासू गेल्यावर म्हणायला लागले, सासूबाई सांगायच्या. त्या बिचारीला जाऊन चाळीस वर्षं झाली. तेव्हापासून ती माझ्या सगळ्या खोट्या गोष्टींची साक्षीदार आहे. शनिवारी दुपारी घरातल्या मोठ्या बाईने कामाला हात लावायचा नाही, ही रीत आमच्या घरात तीस वर्षं पाळली जाते. सून ती फार श्रद्धेने पाळते.

खंडेनवमीला आमच्याकडे हत्यारांची पूजा असते. विळी, कात्री, नातीचा लॅपटॉप आणि माझ्या नवऱ्याचा धोटा. गिरणीत मागावर आडवा धागा घेऊन जो पळतो तो धोटा. गिरणी गेली, नवरा गेला, धोटा राहिला. पूर्वी वर्षातून एकदा, दसऱ्याला, गिरणीत बायकामुलांना आत सोडायचे. मागांना झेंडूचे हार घातलेले असायचे. मी एकदा नवऱ्याला म्हटलं होतं, मला एकदा चालवून बघू दे. तो म्हणाला, हात जाईल तुझा. त्याच्या स्वतःच्या दोन बोटांची पेरं गेलेली होती.

या वेळी मी मुलाला म्हटलं, गाडीची किल्लीही पूजेला ठेव. त्याला आनंद झाला. आईला गाडीचं कौतुक आहे असं त्याला वाटलं. किल्ली धोट्याशेजारी बसली, तिला हळदकुंकू लागलं, झेंडूचं फूल चढलं.

दुसऱ्या दिवशी दसरा. गाडीला वर्ष झालं होतं. विहीणबाई सकाळीच टॅक्सी करून पूजेला आल्या होत्या. नंतर सगळ्यांनी त्यांच्याकडे दादरला जेवायला जायचं ठरलं होतं. मुलगा आंघोळ करून आला आणि किल्लीला हात घालणार, तेवढ्यात मी म्हटलं, थांब. वाहनाला वर्ष पुरं झालं की दसऱ्याला किल्ली घरातल्या लेकीने उचलायची असते. त्या दिवशी वाहन तिनेच हाकायचं आणि मालकाने शेवटी बसायचं. वर्षभर मालक वाहनाच्या मानेवर बसून हुकूम सोडतो, एक दिवस त्याने शेपटाशी बसायचं. पोळ्याला बैलाला जुंपत नाहीत, तसं.

नात धोट्याकडे बघत उभी राहिली. तिला मी आधी काहीच सांगितलं नव्हतं. तिला तोंडावर हसू लपवता येत नाही.

मुलगा म्हणाला, "आई, हे कुठून काढलंस?"

"तुझी आजी सांगायची."

"आजीच्या वेळी गाडी कुठे होती?"

"बैलगाडी होती की. तिला काय मागचं टोक नसतं?"

त्याचा विश्वास बसला नाही. पण देवासमोर उभं राहून रीत मोडायची त्याची छातीही होईना. माझा मुलगा ऑफिसात साहेब आहे, पण मांजर आडवं गेलं की पाच मिनिटं थांबतो. मग त्याने जे करायला नको होतं ते केलं. तो विहीणबाईंकडे वळला. तुमचं एवढं वाचन आहे, तुम्हीच सांगा, असं काही असतं का.

इथे आपली रीत बुडाली असंच मला वाटलं, खोटं कशाला सांगू. विहीणबाई शाळेच्या मुख्याध्यापिका होत्या. मी चौथीपर्यंत शिकलेली. पंचांग त्यांना पाठ, पोथ्या त्यांना पाठ. मी एकदा आरतीत शब्द चुकले तर त्यांनी आरती थांबवून तो दुरुस्त केला होता. गेलं वर्षभर त्या पुढे बसून सगळ्यांना रस्ता सांगतात आणि मी मागे बसून त्यांचा अंबाडा बघते. आमच्यात प्रेम होतं असं मी म्हणणार नाही.

त्यांनी चष्मा काढला, पदराने पुसला, परत घातला. एकदा माझ्याकडे बघितलं, एकदा नातीकडे. ती त्यांचीही नातच.

"असतं की," त्या म्हणाल्या. "पण यांच्याकडे फारच सौम्य करून ठेवलंय. आमच्याकडे तर गाडी पोचून बंद होईपर्यंत मालकाने बोलायचंही नसतं."

मी आयुष्यभर रीती बनवत आले, पण असा कळस मला सुचला नसता.

मग सगळंच बदललं. विहीणबाई मला म्हणाल्या की आज पुढे तुम्ही बसा. त्या आणि सून मधल्या खुर्च्यांत बसल्या. आणि गाडीचा मालक, पोटासकट, दोन खुर्च्यांच्या मधून मागे शिरायला लागला. पहिल्यांदा डोकं घातलं, ते जमेना. मग पाय घातला, तो अडकला. शेवटी सुनेने मागून लोटला. बसल्यावर त्याने पाय खाली सोडायला जागा शोधली. मी पुढून आरशात बघत होते. त्याला जागा सापडली नाही. पूजेतलं फुलांचं आणि नारळाचं ताट मी त्याच्याच मांडीवर दिलं होतं.

नातीने सीट मागे घेतली, आरसे लावले, दोन्ही हात चाकावर ठेवले आणि श्वास सोडला. गाडी निघाली. आमच्या गल्लीत मसाल्याची दुकानं, हातगाड्या, त्यात दसरा म्हणून झेंडूचे ढीग. गाडी जवळपास काही आलं की टूं टूं करते, ती गल्लीभर टूं टूं करत राहिली. एक टेम्पो पोती उतरवत होता. नातीने हॉर्न वाजवला नाही, थांबली. मागून एक लांब श्वास ऐकू आला, पण शब्द नाही.

पहिला गतिरोधक तिने बापाच्या पद्धतीने घेतला. मागे टपाला डोकं आपटलं आणि ताटातला नारळ घरंगळला. दुसऱ्यापासून तिने हळू घेतले. पहिला चुकून होता असं ती आजही म्हणते.

मला पुढे बसून भीती वाटत होती, तेही सांगते. मागून रस्ता एवढा अंगावर येत नाही. परळपर्यंत मी पाय दाबून बसले होते, जसा काही ब्रेक माझ्याकडे होता. पण पोरीचा हात हलका आहे. दादरला फुलवाल्यांच्या गर्दीतून तिने गाडी अशी काढली की एका बाईची टोपलीसुद्धा हलली नाही.

मग विहीणबाईंचं फाटक आलं. नात थांबली. तिला हे फाटक पायी जायचंच माहीत होतं. दोन्ही खांब बघून तिने आरसे मिटवले आणि गाडी इंचाइंचाने आत घालायला सुरुवात केली. टूं टूं एकदम लांबच लांब सुरू झालं. मागून मुलाला राहवेना. तो म्हणाला, "डावीकडे खांब आहे, डावीकडे, तिथे फार..."

"बोलायचं नसतं," विहीणबाई मागे न बघता म्हणाल्या. वर्गात म्हणत असतील तशाच.

गाडी पुढे सरकली. डावीकडचा खांब माझ्या खिडकीतून चार बोटांवर होता. गेरूच्या रंगावर वीतभर पांढरी रेघ होती, आमच्या गाडीच्या दाराच्या उंचीला.

मी काच खाली केली. "अगबाई," मी म्हटलं, "खांबाला हा पांढरा रंग कुणी लावला असेल?"

सुनेने तिच्या खिडकीतून वाकून खांब बघितला. मग खाली आपल्याच दारावरचा ओरखडा बघितला. मग परत खांब. ती बँकेत आहे, दोन सह्या जुळवून बघायचं तिचं रोजचंच काम. तिने हळूच मान मागे वळवली. माझा मुलगा ताटातल्या फुलांकडे बघत होता. त्या दिवशी त्याला मौन होतं म्हणून वाचला, नाहीतर काहीतरी बोलून आणखी अडकला असता.

गाडी कुठेही न लागता आत गेली, उभी राहिली, बंद झाली. नातीचे हात चाकावरच होते. आता मालकाला बोलायची परवानगी होती आणि आम्ही सगळ्या वाट बघत होतो. तो म्हणाला, "मागे एसी लागत नाही."

उतरल्यावर त्याने सवयीने नातीपुढे हात केला. नातीने किल्ली अर्धी पुढे केली. तेवढ्यात सून म्हणाली, "तिच्याकडेच राहू दे. खांबाचं आपण घरी बोलू."

तो हात त्याने खिशात घातला. घरी काय बोलणं झालं ते मला माहीत नाही. दार बंद होतं आणि घरात शेवटची रांग नसते. पण आठवड्याने दुसरी किल्ली लॉकरमधून घरी आली. दिवाळीपर्यंत रोज सकाळी नात मला घेऊन चक्कर मारायची, कधी परळ, कधी चिंचपोकळी. मी पुढे बसून बघितलं, नाही जमलं. मी परत मागे गेले. मागे मला शेंगदाणे खाता येतात. तिच्या साहेबाने तिला खोपोलीपर्यंत चालवायला लावलं आणि काम दिलं. आता आठवड्यातून तीन दिवस ती रायगडात असते आणि चेहरा उन्हाने काळा करून येते. बाप तिला विचारतो, गाडीचा अंदाज येतो ना. ती म्हणते, खांब दिसतात मला.

विहीणबाई अजूनही आरती दुरुस्त करतात. मी आता त्यांना मसाला देताना मीठ कमी घालते.

परवा आठव्या मजल्यावरची बाई वाटी घेऊन आली, साखरेसाठी म्हणाली, पण दारातच घुटमळली. तिच्याकडेही दसऱ्याला घेतलेली मोठी गाडी आहे, तीही मांडणीत बसत नाही. आमच्या सुनेकडून तिने रीतीबद्दल ऐकलं होतं. मालकाने शेवटच्या रांगेत बसायचं ते टोपी घालून की बिनटोपीचं, तेवढं तिला विचारायचं होतं.

तिला मुलगी आहे. मी विचारलं, लायसन्स काढलंय का तिने. ती म्हणाली, तीन वर्षं झाली.

मी तिला आत बोलावून चहा टाकला आणि म्हटलं, टोपी घालूनच. आणि हातात नारळाचं ताट द्यायचं, ते विसरू नको.